शकुंतलेच्या रुळांवरून

देशाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें यांच्या मागें लागण्याची आपणांस संवय आहे. ज्या वाटांनीं धान्य गेलें, कापूस गेला, ज्या वाटांनीं सावकाराचा पैसा आला आणि माणसें घरीं परतलीं, त्या वाटांकडे आपण क्वचितच पाहतों. वाट चालू असते तोंवर तिच्याकडे मुद्दाम पाहण्याचें कारण पडत नाहीं. आणि ती मोडली, तिच्यावर गवत वाढलें, म्हणजे आतां तेथें पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं अशी आपण समजूत करून घेतों. ही समजूत किती खोटी आहे हें गेल्या माघ महिन्यांत चार दिवसांच्या पायपिटीनें आम्हांस कळून आलें.

वऱ्हाडांत मूर्तिजापूर हें मुंबई-नागपूर लोहमार्गावरचें एक जंक्शन आहे. तेथून अरुंद रुळांची एक शाखा उत्तरेस दर्यापूर व अंजनगांव या गांवांवरून अचलपुरास जाते. दुसरी दक्षिणेकडे निघून कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळास पोंचते. पहिली सुमारें ७६ किलोमीटर लांबीची, दुसरी सुमारें ११३. या दोन्ही शाखांवरून जी लहानशी गाडी धांवे तिला सारें वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणत असे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्या गाड्या एकामागून एक बंद पडल्या. आम्हीं उत्तरेची शाखा पसंत केली व एके दिवशीं सकाळीं, खांद्यास पडशी व हातांत काठी घेऊन, मूर्तिजापुराहून निघालों.

स्टेशनाच्या सीमेबाहेर पडतांच वाटेचें रूप ध्यानांत येऊं लागलें. दोन्ही बाजूंनीं वेडी बाभूळ माजलेली, मध्यें गुडघाभर वाळलेलें गवत, आणि त्या गवतांत पाय चांचपीत गेलें म्हणजे जोड्याच्या टोंकाला लागणारा रूळ. रुळाची उंची इतकी बेताची कीं, मोठ्या लोहमार्गाचा रूळ पाहिलेल्या माणसास हें खेळणें वाटावें. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. शेजारीं मुंबई-नागपूरची गाडी धांवते तिचें साडेपांच फूट. या तीन फुटांच्या फरकांत या वाटेचा अर्धा इतिहास सांठलेला आहे.

तो समजण्यास तिच्याहि आधींच्या वाटा ध्यानांत घ्याव्या लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. लमाणांचे तांडे तो रानावनांतून थेट गंगेकांठीं मिर्झापुरापर्यंत पोंचवीत. मुंबईच्या बाजाराकडे या कापसाचें तोंड वळलें तें १८२५-२६ च्या सुमारास. पेस्तनजी नांवाच्या पारशी व्यापाऱ्यानें पांचशें बैलांवर लादून पहिला मोठा माल पश्चिमेकडे धाडला, अशी नोंद आहे. या प्रवासांत कापूस पावसानें भिजे, धुळीनें माखे, आणि मुंबईस पोंचेपर्यंत त्याचा पांढरेपणा हा केवळ बोलण्यापुरता राही.

१८५३ सालीं निजामाकडील फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत आला. पुढें आठ वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व लँकेशायरच्या गिरण्यांस मिळणारा तेथील कापूस बंद झाला. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत हिंदुस्थानच्या कापसास जो भाव आला त्याच्या कथा मुंबईच्या शेअरबाजारापासून वऱ्हाडच्या चावडीपर्यंत सर्वत्र पसरल्या. युद्ध संपलें, भाव कोसळला, अनेकांचीं दिवाळीं वाजलीं. परंतु वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर परदेशी गिरणीची जी नजर बसली ती कायमची. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग नागपुरास भिडला. १८७० सालीं खामगांवच्या कापूसबाजारापर्यंत फांटा काढण्यांत आला व त्याच्या उद्घाटनास खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो आले. एका तालुक्याच्या बाजारपेठेसाठीं देशाचा सर्वोच्च अधिकारी येतो, याचा अर्थ त्या काळच्या शेतकऱ्यानें काय लावला असेल तें सांगवत नाहीं. आम्ही मात्र त्याचा एकच अर्थ लावतों. लिव्हरपुलच्या बाजारांत उमरावतीचें नांव ‘ऊमरा’ या रूपानें कापसाची एक जात म्हणून चालूं लागलें होतें, आणि गांवाचें नांव मालाचें नांव झालें म्हणजे त्या गांवास लोहमार्ग मिळण्यास विलंब लागत नाहीं.

परंतु मोठा लोहमार्ग पूर्वपश्चिम गेला. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आणि दक्षिणेस यवतमाळच्या पठारापर्यंत पसरलेला कापसाचा मुलूख त्यापासून दूरच राहिला. पावसाळ्यांत या काळ्या चिकट मातींत बंडीचें चाक आंसापर्यंत रुतून बसतें. मग बैल कितीहि जोमदार असोत. १९०२ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें दिला आणि तो मध्यप्रांतास जोडला गेला. राज्याचा प्रश्न असा मिटल्यावर भांडवलास धीर आला. मुंबईची किलिक निक्सन ही पेढी १८५७ पासूनची. तिनें १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली व पुढील कांहीं वर्षांत या शाखा बांधून काढल्या. रूळ अरुंद घातले ते खर्च वांचविण्यासाठीं. अरुंद वाटेस भराव कमी लागतो, वळण घट्ट घेतां येतें, रूळ हलका चालतो, पूल लहान पुरतो. गाडी चालविण्याचें काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीकडे सोंपविलें. मालक एक आणि चालविणारा दुसरा, ही जी जोडी त्या वेळीं जमली, तिचीं फळें या वाटेनें शंभर वर्षें भोगलीं.

या काटकसरीचा भार कोणावर पडला हें मूर्तिजापुरासच कळतें. अरुंद गाडीचा डबा रुंद रुळांवर चढत नाहीं. अचलपुराहून अथवा यवतमाळाहून आलेली प्रत्येक गांठ येथें उतरवून दुसऱ्या गाडींत भरावी लागे, आणि तें काम हमालाच्या पाठीनें होई. कंपनीच्या वहींत भरावाची माती वांचली. ती हमालाच्या पाठीवर जमा झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

पहिल्या दिवशीं दुपारनंतर आम्हीं पूर्णेच्या खोऱ्यांत शिरलों. हा खारपाणपट्टा. जमीन अशी काळीभोर कीं पाहून डोळे निवावे. पण विहीर खणली तर पाणी खारट, पिण्यास नको आणि पिकासहि नको. येथला शेतकरी पूर्वापार आभाळाकडे पाहून पेरतो. रुळांच्या दोहों बाजूंस तुरीचीं शेतें, हरभऱ्याचे तुकडे, आणि वेंचणी होऊन गेलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. क्वचित् एखाद्या बोंडांत राहून गेलेला कापूस वाऱ्यानें हालत होता. लाखपुरीजवळ पूर्णा आली. लोहमार्गाच्या पुलावरून जाण्याचें साहस आम्हीं केलें नाहीं. सडकेच्या पुलानें नदी ओलांडून पुन्हां रूळ गांठला.

याच मुलखांत, मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरा गांवीं, डेबूजी झिंगराजी जानोरकर या मुलाचें बालपण मामाच्या घरीं गेलें. त्याचा जन्म १८७६ सालचा, अंजनगांवाकडील शेंडगांवचा. म्हणजे ज्या दोन टोंकांमध्यें पुढें ही गाडी धांवूं लागली त्याच टप्प्यांत त्याचें बालपण विभागलेलें आहे. सावकारी कर्जाचा फांस कसा आंवळला जातो हें त्यानें मामाच्या शेतांतच पाहिलें. १९०५ सालीं तो घर सोडून निघाला, आणि हातांत खराटा व गाडगें घेऊन पायीं फिरणारा गाडगे महाराज म्हणून महाराष्ट्रास परिचित झाला. पूर्णेकांठीं ऋणमोचन येथें त्यांनीं बांधविलेला घाट या वाटेपासून फार दूर नाहीं. ऋणमोचन हें नांव पुरातन आहे. पण कर्जांत बुडालेल्या कापूसवाल्यांच्या मुलखांत तें नांव ऐकतांना मनांत जें येतें तें पुराणांतलें नसतें. ‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ असें आपण अभिमानानें म्हणतों. परंतु कुऱ्हाड कोणाच्या हातांत होती आणि तिचा घाव कोणावर पडला, हें त्या म्हणींत सांगितलेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बनोशाच्या अलीकडे एका पडक्या थांब्यापाशीं आम्ही विसांव्यास बसलों. इमारतीस दार नाहीं, खिडकी नाहीं. तिकिटाची खिडकी होती तेथें भिंतींत एक चौकोन राहिलेला. शेळ्या राखणारी एक म्हातारी तेथें सांवलींत बसली होती. तिच्याशीं बोलणें निघालें. ती म्हणाली, “माहेर अंजनगावले होतं माह्यं. शकुंतलेनं जाओ. कधी पैसे कमी पडले त गार्डबाबू म्हणे, बाई, येतानी देजो.” आम्हीं विचारलें, “आणि आतां?” ती म्हणाली, “आता काय जी, माहेरच तुटलं.”

या एका वाक्यांत या वाटेचा दुसरा इतिहास आहे, व तो कंपनीच्या कोणत्याहि अहवालांत सांपडावयाचा नाहीं. ही वाट बांधली गेली ती रुईच्या गांठींसाठीं. कालांतरानें मालमोटारी आल्या, सडका सुधारल्या, आणि गांठी रुळांवरून उतरून सडकेवर गेल्या. एके काळीं याच आगगाडीनें लमाणांच्या बैलांचा धंदा बसविला होता. आतां मोटारीनें आगगाडीचा बसविला. येथवर व्यापाराचा नेहमींचा नियम झाला. परंतु गांठी गेल्यावरहि गाडी चालूच राहिली, कारण तेवढ्या काळांत ती दुसऱ्याच कोणाची होऊन बसली होती. लेकुरवाळी माहेरवाशीण, दर्यापूरच्या बाजारास भाजीची पाटी नेणारा, शाळेंत जाणारीं पोरें, दवाखान्याच्या कामास निघालेला म्हातारा, यांची ती गाडी. बसच्या मानानें तिचें भाडें अगदींच अल्प असे. आणि ज्याच्यापाशीं वेळ भरपूर व पैसा थोडा, त्याला तिची सावकाश चाल कधीं जाचली नाहीं. कागदोपत्रीं जी दोन स्टेशनांच्या नांवांमधली एक रेघ, तिला लोकांनीं शकुंतला म्हणून हांक मारली. नांव ठेवण्याचा अधिकार आपल्याकडे घरच्या माणसाचा असतो.

तिच्या चालीची मात्र जगानें थट्टा केली. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन १९२३ पासून या रुळांवर आलें, आणि ७० वर्षांहून अधिक काळ तेंच गाडी ओढीत राहिलें. १५ एप्रिल १९९४ रोजीं त्यास विश्रांति मिळाली व डिझेलचें एंजिन आलें. तरी वेग तासाला वीस किलोमीटरांच्या घरांतच राहिला; एंजिन नवें असलें तरी रूळ जुनेच होते. शेवटच्या काळांत नोकर इतके थोडे उरले कीं, गाडीवरच्याच माणसांनीं वाटेंत उतरून फाटक लावावें, गाडी पुढें न्यावी आणि पुन्हां उतरून फाटक उघडावें. वर्तमानपत्रांनीं याचीं गमतीदार वर्णनें छापलीं. आम्हींहि तीं वाचून हंसलों होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

या वाटेविषयीं आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांनीं फार रंगविली. ती अशी कीं, हिंदुस्थान स्वतंत्र झाला तरी हा लोहमार्ग अद्यापि इंग्रजांच्याच मालकीचा असून सरकार दरसाल त्याचें भाडें विलायतेस पाठवितें. वाटेंत आम्हांस भेटलेल्या बहुतेकांनीं ती गोष्ट आम्हांस सांगितली, आणि सांगतांना त्यांच्या स्वरांत संताप होता. खरी हकीकत इतकी चटकदार नाहीं. १९५१ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला व इतर कांहीं मार्ग एकत्र करून मध्य रेल्वे बनली. त्या वेळीं ही खाजगी शाखा कंपनीच्या नांवें तशीच राहिली. गाडी मध्य रेल्वे चालवी आणि जुन्या कराराप्रमाणें मोबदला कंपनीस मिळे. परंतु ती कंपनी मूळचीच मुंबईच्या पेढीची, आणि ती पेढीहि स्वातंत्र्यानंतर हिंदी धनिकांच्या हातीं आली. विलायतेस जाणाऱ्या भाड्याची कथा ही लोकांच्या मनांतील एका वेगळ्याच दुःखाची कथा आहे. आपल्या दाराशीं असलेली वस्तु आपली नाहीं, ती कोणाची आहे तें कळत नाहीं, आणि ती मोडूं लागली तर दाद कोणाकडे मागावी तेंहि कळत नाहीं. अशा वेळीं मनुष्य एखादा दूरचा मालक कल्पितो. त्यांत तपशिलाची चूक असली तरी गाऱ्हाणें खोटें नाहीं.

कारण मालकीचा हा गुंता केवळ कागदावर राहिला नाहीं. तो रुळांत उतरला. जो मालक त्यास गाडी चालवावयाची नव्हती, आणि जो चालविणारा त्याच्या मालकीचा रूळ नव्हता. दुसऱ्याच्या घराचें छप्पर कोण शाकारतो? तिसऱ्या दिवशीं अंजनगांवाकडे जातांना आम्हीं ठिकठिकाणीं रुळांचे सांधे न्याहाळले. खडी मातींत दबून गेलेली, स्लीपर कुजलेले, कांहीं ठिकाणीं भरावाचा कांठ पावसानें खाऊन टाकलेला. गाडी बंद पडल्यामुळें ही दशा झाली असें प्रथम वाटतें. पण ज्या संथपणानें लोखंड आणि लांकूड झिजतें तो ध्यानांत घेतां, हा रोग गाडी चालू असतांनाच जडलेला होता हें उघड आहे. वेग कमी म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून उत्पन्न नाहीं, उत्पन्न नाहीं म्हणून दुरुस्ती नाहीं, दुरुस्ती नाहीं म्हणून वेग आणखी कमी. या चक्रांत गाडी सांपडली आणि अखेर ‘तोट्याची’ ठरली.

अंजनगांवच्या आसपास मुलखाचा रंग बदलतो. खारें पाणी मागें पडतें, विहिरी गोड होतात; पानमळे आणि पानपिंपळीचीं शेतें दिसूं लागतात, व त्यांचा ओलसर तिखट वास वाटेवर येतो. पुढें संत्र्यांच्या बागा, आणि उत्तरेस आभाळाला टेंकलेली सातपुड्याची निळी रांग. अचलपूर त्या रांगेच्या पायथ्याशीं आहे. १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाही नांदली ती याच बाजूस. तिच्या वैभवाच्या खुणा आज दगडांत शोधाव्या लागतात. अशा शहराच्या वेशींत रुळांचा शेवट व्हावा हें आम्हांस साजेसें वाटलें.

चवथ्या दिवशीं, अचलपूर पांचसात किलोमीटर राहिलें असतां, रूळ ओलांडून जाणारा एक बंडीवाला थांबला. आम्हांस रुळांमधून येतांना पाहून त्यानें कासरा ओढला व विचारलें, “पायी काहून चालले जी? शकुंतला असती त सकाळीच पोचले असते.” आम्हीं हंसून म्हटलें, “ती तर फार हळू चाले म्हणतात.” त्यानें आम्हांस वरपासून खालपर्यंत न्याहाळलें आणि म्हणाला, “तुमच्याहून त जोरात जाय.”

हें उत्तर आम्ही पुढें कित्येक दिवस मनांत घोळवीत होतों. मूर्तिजापुराहून अचलपुरास ती गाडी सुमारें चार तासांत पोंचे. आम्हांस चार दिवस लागले. जिच्या मंदपणाची थट्टा झाली ती मंद ठरली तें मोटारीच्या तुलनेनें. आणि मोटार ज्याच्या आवाक्यांत नाहीं त्याच्या हिशोबीं ती वेगाचीच होती. तिला हंसणारे आणि तिच्यांत बसणारे हीं दोन वेगळीं माणसें होतीं. दुर्दैवानें हिशोब मांडण्याचें काम नेहमीं पहिल्यांकडे असतें.

२०१६ सालीं या मार्गाचें रुंद रुळांत रूपांतर करण्याची घोषणा झाली, आणि ती लवकर अमलांत यावी म्हणून या भागांतील लोक सभा व आंदोलनें करीत आले आहेत. त्यांच्या मागणीशीं आम्ही सहमत आहों. मात्र त्यासंबंधानें एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शंभर वर्षांपूर्वीं ही वाट बांधतांना गांठी मोजल्या गेल्या. बंद करतांना तोटा मोजला गेला. दोन्ही वेळां माणसें मोजलीं गेलीं नाहींत. पुन्हां बांधतांना तरी तीं मोजावीं. रुंद रुळांवरच्या वेगवान गाड्या लहान थांबे वगळून जातात, हा आपला नित्याचा अनुभव आहे. आणि ज्या पडक्या थांब्यापाशीं आम्हांस ती म्हातारी भेटली, तेथें नवी गाडी थांबली नाहीं तर तिचें माहेर पूर्वीइतकेंच तुटलेलें राहील. २००६ सालीं वऱ्हाडच्या व शेजारच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें पंतप्रधानांस खास मदतीची योजना जाहीर करावी लागली. कापसानें ज्या मुलखाची ही गति केली, त्याच्याकडून कापूस नेणारी वाट तेवढी काढून घेतली गेली नाहीं. त्याच्या हातचा सर्वांत स्वस्त प्रवासहि काढून घेतला गेला.

अचलपूरच्या स्टेशनांत आम्हीं शिरलों तेव्हां उन्हें उतरलीं होतीं. फलाटावर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि एक मुलगा रुळावर दोन्ही हात पसरून, तोल सांवरीत, एकेक पाऊल टाकीत चालला होता. टोंकाशीं पोंचल्यावर तो वळला व पुन्हां मूर्तिजापुराच्या दिशेनें चालूं लागला. आम्हीं पायांतले जोडे काढून धूळ झाडली, आणि परतीच्या बसची चौकशी करण्यास बाहेर पडलों.